त्रैक्य आणि येशूचे ईश्वरत्व : पंडिता रमाबाईंचा वाद (१८८३–८६)

ईश्वर एकच असून तो पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्तींत आहे, आणि येशू ख्रिस्त हा पूर्णपणे मनुष्य व पूर्णपणे ईश्वर आहे, ही बहुसंख्य ख्रिस्ती पंथांची मूळ शिकवण. या शिकवणीवर पंडिता रमाबाई (२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२) यांनी इंग्लंडमधील वास्तव्यात घेतलेले आक्षेप आणि त्यावर वाँटेज येथील अँग्लिकन भगिनी व चेल्टनहॅमच्या शिक्षिका यांच्याशी झालेला पत्रव्यवहार हा भारतीय ख्रिस्ती विचाराच्या इतिहासातील एक महत्त्वाचा वाद आहे. महाराष्ट्रात रमाबाईंच्या धर्मांतराची चर्चा भरपूर झाली. धर्मांतरानंतर नव्या धर्माच्या आत त्यांनी दिलेला लढा त्या मानाने दुर्लक्षित राहिला.

वाद मुळात जुना आहे. पुत्र हा पित्याने निर्माण केलेला, म्हणून पित्याहून कमी दर्जाचा, असे अलेक्झांड्रियाचा धर्मोपदेशक एरियस चौथ्या शतकाच्या आरंभी शिकवीत होता. इ. स. ३२५ मध्ये निकीया येथील परिषदेने त्याचे मत फेटाळले आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व असल्याचे ठरवले. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने पवित्र आत्म्याचे स्थान अधिक स्पष्ट केले. अथानेशियसच्या नावाने ओळखला जाणारा, पण त्याने न रचलेला, मतांगीकार (श्रद्धेची ठरावीक शब्दांतील कबुली) याच्याही पुढे जातो : त्रैक्य जसे सांगितले आहे तसे न मानणाऱ्याला तारण नाही, असे तो बजावतो. चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकाप्रमाणे हा मतांगीकार वर्षातून तेरा ठराविक दिवशी उपासनेत म्हणायचा असे. त्यातील शापवजा वाक्यांवरून १८७० च्या सुमारास इंग्लंडच्या धर्मगुरूंमध्येच मोठी खडाजंगी झाली होती. १८८१ मध्ये नव्या कराराची सुधारित इंग्रजी आवृत्ती निघाली, तेव्हा योहानाच्या पहिल्या पत्रातील त्रैक्याचा थेट उल्लेख करणारे वाक्य मागाहून घुसलेले म्हणून गाळण्यात आले. त्यानंतर दोनच वर्षांनी रमाबाई इंग्लंडला पोहोचल्या. त्यांच्या शंका एखाद्या नवख्या परदेशी स्त्रीच्या गोंधळातून निघाल्या असे म्हणणे म्हणूनच चूक आहे. त्या काळातील इंग्लंडमध्येही हे प्रश्न जिवंत होते.

भारतातही अशा शंकांना पूर्वपरंपरा होती. मद्रासमध्ये विल्यम रॉबर्ट्स या तमिळ गृहस्थाने १८१३ मध्ये एकेश्वरवादी ख्रिस्ती प्रार्थनामंदिर उभारले होते. बंगालमध्ये राममोहन रॉय यांनी १८२० मध्ये येशूच्या नीतिवचनांचे संकलन प्रसिद्ध केले. त्यात चमत्कार आणि ईश्वरत्वाचा भाग वगळला होता. श्रीरामपूरचे बॅप्टिस्ट मिशनरी जोशुआ मार्शमन यांनी त्यावर कडाडून टीका केली आणि राममोहनांनी तीन विस्तृत निवेदनांतून तिला उत्तर दिले. तिसरे निवेदन छापायला मिशनच्या छापखान्याने नकार दिल्यावर त्यांनी ते स्वतःच्या छापखान्यातून काढले. याच काळात विल्यम अॅडम हा बॅप्टिस्ट मिशनरी राममोहनांच्या सहवासात त्रैक्य सोडून एकेश्वरवादी झाला. केशवचंद्र सेन यांनी मात्र १८८२ च्या कोलकात्यातील व्याख्यानात त्रैक्य झिडकारले नाही. सत्, चित् आणि आनंद या त्रयीशी त्याची सांगड घातली. रमाबाई १८७८ मध्ये कोलकात्याला आल्या तेव्हा ब्राह्म समाजाचा एकेश्वरवाद त्यांना जवळून पाहायला मिळाला, आणि १८८२ मध्ये पुण्यात आल्यावर प्रार्थना समाजाच्या मंडळींतही त्यांनी तोच पाहिला.

त्यांची बौद्धिक घडण या वादाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी जनरोष पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. आईने ती विद्या रमाबाईंना दिली. सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात जन्म, पुढे पुराणे सांगत देशभर पायपीट, आणि दुष्काळात आईवडील व बहीण यांचा मृत्यू असे त्यांचे बालपण गेले. व्रते, उपवास, तीर्थयात्रा यांनी काही साधले नाही, हा अनुभव त्यांनी भूक सोसून घेतला होता. अनेक देवतांची पूजा त्यांनी सोडली ती एका देवासाठी. त्यामुळे ‘तीन व्यक्ती, एक देव’ हे सूत्र समोर आल्यावर ते त्यांना चटकन पचणे शक्यच नव्हते. शिवाय शास्त्री घरात वाढलेल्या माणसाला प्रमाण मागायची सवय असते. वाक्य कोणत्या ग्रंथात आहे, त्याचा अर्थ कोणी लावला, अर्थ लावणाऱ्याला तो अधिकार कोठून आला, हे त्यांचे प्रश्न त्याच शिस्तीतले आहेत.

पुण्यात त्यांची भेट नीळकंठशास्त्री, म्हणजेच फादर नेहेम्या गोरे (१८२५–१८९५) यांच्याशी झाली. काशीत वाढलेले हे कोकणस्थ ब्राह्मण पंडित १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले होते आणि षड्दर्शनांचे खंडन करणारा ‘षड्दर्शन दर्पण’ हा ग्रंथ त्यांच्या नावावर होता. ब्राह्म व प्रार्थना समाजांचा एकेश्वरवाद हिंदू शास्त्रांतून निघत नाही, तो ख्रिस्ती धर्मातून उसना घेतलेला आहे, हे त्यांचे म्हणणे रमाबाईंच्या मनावर खोल उमटले. ब्राह्म मतापासून आपल्याला वळवण्याचे श्रेय रमाबाईंनी गोऱ्यांनाच दिले आहे. पण गोरे चर्चच्या परंपरेचे कट्टर पुरस्कर्ते होते, आणि त्या वाटेने रमाबाई त्यांच्यामागून गेल्या नाहीत. १८८३ च्या एप्रिलमध्ये त्या दोन वर्षांच्या मुलीला, मनोरमेला, घेऊन इंग्लंडला निघाल्या. वाँटेजच्या सेंट मेरी भगिनीसंघाकडे त्यांचा मुक्काम होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी तेथेच मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता झाल्या. रमाबाई त्यांना आजीबाई म्हणत.

१८८४ मध्ये रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. तेथे त्या इंग्रजी, गणित, विज्ञान शिकत आणि संस्कृत शिकवीत. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, या प्रश्नात लाहोर व मुंबईच्या बिशपांनी विरोध नोंदवला, तेव्हा रमाबाई दुखावल्या. आपल्याविषयीचा निर्णय आपल्याला न विचारता दूरच्या धर्माधिकाऱ्यांनी घ्यावा, हे त्यांना अमान्य होते. १८८५ च्या पत्रांत सिद्धान्ताचा वाद आणि अधिकाराचा वाद एकमेकांत मिसळले ते येथून.

या पत्रांत रमाबाईंची भूमिका अशी दिसते : ईश्वर एक आहे. येशू हा मसीहा, ईश्वराचा पुत्र आणि तारणाचा मार्ग आहे. पण तो आणि पिता एकच ईश्वर आहेत, असे शुभवर्तमानाच्या वाचनातून त्यांना दिसत नव्हते. कुमारीजन्म आणि काही चमत्कार यांविषयीही त्यांना शंका होती. अथानेशियसचा मतांगीकार त्या म्हणायला तयार नव्हत्या, कारण न समजणाऱ्या गोष्टीवर विश्वास न ठेवणाऱ्याला नरक हा न्याय त्यांना देवाच्या दयेशी विसंगत वाटे. बाप्तिस्म्याच्या वेळी आपण बायबलावरची श्रद्धा कबूल केली, चर्चने पुढच्या शतकांत रचलेली प्रत्येक व्याख्या नव्हे, असा त्यांचा बचाव होता. भारतातील पुरोहितशाहीच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर तसलेच दुसरे जोखड मानेवर घ्यायचे नाही, हे त्यांनी आजीबाईंना स्पष्ट कळवले. क्रुसावरील लॅटिन अक्षरांनाही त्यांनी हरकत घेतली : लॅटिनमध्ये असे काय पवित्र आहे जे संस्कृतात नाही?

आजीबाईंना यात अहंकार दिसला. श्रद्धा ही आज्ञापालनाने वाढते, बुद्धीने आधी तपासून नव्हे, ही त्यांची प्रामाणिक धारणा होती, आणि शिष्येच्या आत्म्याची त्यांना खरी काळजी होती. त्यांच्या पत्रांतील कळकळ नाकारता येत नाही. पण समोरची स्त्री शास्त्रार्थात मुरलेली पंडिता आहे, शिकाऊ मुलगी नाही, हे त्यांनी पुरते ओळखले नाही. कॉलेजच्या प्राचार्या डॉरोथिया बील यांनी ते ओळखले. रमाबाई ख्रिस्ती धर्माकडे तत्त्वज्ञान म्हणून पाहत आहेत, केवळ इतिहासातील घटना म्हणून तो त्यांच्या गळी उतरणार नाही, त्यांच्या विवेकाला तो पटला पाहिजे, असे बीलबाईंचे मत होते. त्या स्वतः त्रैक्य मानणाऱ्या. तरीही घाई करू नका, दाबू नका, असा त्यांचा सल्ला होता. पूर्ण मोकळेपणाने लिहिलेली रमाबाईंची सैद्धान्तिक पत्रे मुख्यतः बीलबाईंना आहेत, हा योगायोग नाही.

मतभेदाचा सर्वांत दुखरा भाग मनोरमेचा होता. आपण स्वतः जे मानत नाही ते आपल्या लहानग्या मुलीच्या तोंडी प्रार्थनेतून घातले जाऊ नये, असे रमाबाई बजावीत होत्या. भगिनींच्या लेखी बाप्तिस्मा झालेले मूल चर्चचे होते. येथे त्रैक्याचा प्रश्न धर्मपंडितांच्या परिषदेतून उतरून एका आईच्या हक्कापर्यंत आला, आणि रमाबाईंनी तो हक्क सोडला नाही.

वादाचा निकाल लागलाच नाही. १८८६ च्या आरंभी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि ११ मार्च रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानास हजर राहिल्या. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे त्रैक्य न मानणाऱ्या युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक होते, तर त्यांच्याबरोबर काम करणारे फिलिप्स ब्रुक्स हे एपिस्कोपल, म्हणजे त्रैक्य मानणाऱ्या चर्चचे. या मंडळींनी विधवांच्या शिक्षणासाठी एकत्र येताना हा प्रश्न बाजूला ठेवला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले त्यांचे विधवांसाठीचे शारदा सदनही, निदान आरंभी, धर्मशिक्षण न देण्याच्या अटीवर चालले.

रमाबाईंचे मत पुढे बदलले. चर्चमध्ये आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी १९०७ च्या आपल्या साक्षीत लिहिले आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्या येशूला तारणारा म्हणून पूर्ण शरण गेल्या. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली झालेल्या पुनरुज्जीवनात तर पवित्र आत्म्याचा अनुभव केंद्रस्थानी होता. येशूच्या ईश्वरत्वाला त्यांनी अखेर मान्यता दिली, पण ती कुणा धर्मपीठाच्या आज्ञेने नव्हे. चर्चची मध्यस्थी त्यांनी नंतरही स्वीकारली नाही. बायबलाचा मराठी अनुवाद त्यांनी हिब्रू आणि ग्रीक मूळ भाषा शिकून स्वतः केला. तो पूर्ण स्वरूपात त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाला. १८८५ मध्ये मागितलेले प्रमाण त्या आयुष्यभर मूळ ग्रंथातच शोधत राहिल्या.

मराठी समाजात युनिटेरियन विचार प्रार्थना समाजाच्या वाटेने टिकला. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात युनिटेरियनांच्या मदतीने ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्मशास्त्र शिकले. ख्रिस्ती बाजूने ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी १८९८ च्या संस्कृत स्तोत्रात त्रैक्याला सच्चिदानंद म्हणून वंदन केले. विसाव्या शतकात या विचारमंथनाचे एक मोठे केंद्र बेंगळूरू ठरले. १९१० मध्ये तेथे युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज निघाले, १९५७ मध्ये धर्म आणि समाज यांच्या अभ्यासासाठी ख्रिस्ती संस्था स्थापन झाली. या संस्थेचे संचालक एम. एम. थॉमस यांनी १९६९ च्या ग्रंथात राममोहन, केशवचंद्र, विवेकानंद, गांधी यांच्या ख्रिस्तविषयक मतांचा धर्मशास्त्राच्या अंगाने विचार केला. चर्चबाहेरच्या भारतीयांनी येशूला कसे पाहिले, हा त्या अभ्यासाचा गाभा. रमाबाईंचा वाद या परंपरेशेजारी ठेवून वाचला पाहिजे, कारण राममोहन बाहेरून बोलत होते आणि रमाबाई बाप्तिस्मा घेऊन आतून.

वादाची कागदपत्रे सिस्टर जेराल्डिन यांनीच जपली आणि संकलित केली. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला तो पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केला. संकलनकर्ती स्वतः वादातील एक पक्ष असल्याने तिच्या टिपा जपून वाचाव्या लागतात. तरी विरोधातली पत्रेही तिने नष्ट केली नाहीत, म्हणूनच रमाबाईंची बाजू त्यांच्याच शब्दांत उपलब्ध आहे.