पानिपत : ऐतिहासिक वास्तू आणि जागांचे भाव

पानिपत : हरियाणा राज्यातील जिल्ह्याचे ठिकाण व वस्त्रोद्योगाचे मोठे केंद्र. दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किमी.वर, ग्रँड ट्रंक रस्त्यालगत. लोकसंख्या शहर २,९४,२९२. जिल्हा १२,०५,४३७ (२०११). याच जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ९,६७,४४९ होती. दहा वर्षांतील ही वाढ येथील जमिनीच्या भावांमागचे पहिले कारण आहे.

२१ एप्रिल १५२६, ५ नोव्हेंबर १५५६ आणि १४ जानेवारी १७६१ या तीन लढायांनी गावाचे नाव सर्वतोमुखी केले. पहिल्या लढाईनंतर बाबराने बांधलेली काबुली बाग मशीद ही येथील सर्वांत महत्त्वाची वास्तू. विटांच्या भिंती, त्यांवर चुन्याचा गिलावा आणि उत्तरेला लाल दगडाचा दरवाजा असे तिचे रूप आहे. ती केंद्र सरकारची संरक्षित वास्तू असल्याने २०१० च्या कायद्यानुसार तिच्या हद्दीपासून १०० मी.पर्यंत नव्या बांधकामास बंदी आहे आणि त्यापुढील २०० मी.त परवानगी लागते. त्याच लढाईत मारल्या गेलेल्या इब्राहिम लोदीची कबर म्हणजे लाखोरी विटांचा साधा चौथरा. इंग्रजी अमदानीत त्याची डागडुजी होऊन वर लेख बसवला गेला. तळ्याकाठचे देवी मंदिर मराठ्यांनी बांधल्याचे परंपरा सांगते.

जुने शहर उंचवट्यावर आहे. बू अली शाह कलंदर यांचा दर्गा तेथील दाट वस्तीत असून त्याच आवारात कवी अल्ताफ हुसेन हाली (१८३७–१९१४) यांची कबर आहे. हालींचे पणतू, लेखक-चित्रपटकार ख्वाजा अहमद अब्बास यांचा जन्मही पानिपतचाच. फाळणीत येथील बहुतेक मुसलमान कुटुंबे पाकिस्तानात गेली आणि त्यांची घरे-दुकाने पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांना वाटून देण्यात आली. घर गमावून आलेल्यांनी परक्याच्या घरात संसार थाटला. येथील जुन्या हवेल्या जतन व्हाव्यात असा आग्रह धरणारे त्यामुळे फारसे कोणी उरले नाही. गल्ल्या इतक्या अरुंद, की मोटार दारापर्यंत येत नाही. ऐपत आली की कुटुंब मॉडेल टाउनसारख्या वसाहतीकडे किंवा नगरविकास प्राधिकरणाच्या सेक्टरांकडे वळते आणि मागे राहिलेल्या घराची किंमत केवळ जागेवर ठरते. संरक्षित यादीबाहेरच्या वास्तूंचे खरे नुकसान येथेच होते.

निर्वासितांनी सोबत आणलेल्या विणकामाने शहराला उभारी दिली. पुढे पाश्चात्त्य देशांतील जुने लोकरी कपडे येथे येऊ लागले. बटणे, चेन काढून कपडे रंगाप्रमाणे वेगळे करायचे, ते फाडून-पिंजून पुन्हा सूत कातायचे आणि त्या सुताची घोंगडी विणायची, असा हा धंदा आहे. रंगांची वर्गवारी नीट झाली, तर सुताला वेगळा रंग द्यावा लागत नाही. १९९८ मध्ये तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला आणि २००८ मध्ये शहरावरून जाणारा उड्डाणमार्ग खुला झाला. दिल्ली–पानिपत जलद रेल्वेची योजना पुढे आल्यापासून राजधानी परिक्षेत्रातील या टोकाकडेही गुंतवणूकदारांचे लक्ष गेले आहे. शहरात जमिनीचा भाव गजावर, म्हणजे चौरस वारावर, बोलला जातो, शेतात किल्ल्यावर, म्हणजे एकरावर. शेताचा तुकडा गजावर विकला जाऊ लागला, की तेथे वसाहत येणार हे गाव ओळखते.

मराठी वाचकाला जवळचे असलेले तिसऱ्या लढाईचे स्मृतिस्थळ काला अंब शहराबाहेर, शेतांच्या प्रदेशात आहे. कुंपणातील विटांचा स्तंभ आणि त्यात बसवलेली लोखंडी सळई एवढेच जुने स्मारक, भोवती बाग. दरवर्षी १४ जानेवारीस येथे शौर्यदिन पाळला जातो आणि मराठ्यांचा वारसा सांगणारा हरियाणातील रोड समाजही त्यासाठी जमतो. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये येथे भव्य स्मारक उभारण्याचे जाहीर केले. पुतळा किंवा इमारत पुढेही उभारता येईल, भोवतीची मोकळी शेते मात्र एकदा विकली गेली की परत मिळणार नाहीत. रणभूमीचा विस्तार डोळ्यांना कळावा असे वाटत असेल, तर पैसा आधी जमिनीसाठी काढला पाहिजे.