सुट्टी चौऱ्याऐंशीची

पहाटेचे पाच. १ मे १९८४, मंगळवार. पुण्यातल्या सदाशिव पेठेतला वाडा, पहिला मजला, रस्त्याकडची खोली. तुम्ही डोळे उघडता आणि आधी स्वतःचे हात बघता. दोन्ही मनगटांत हिरव्या बांगड्या, उजव्या तर्जनीवर शाईचा डाग. आपल्या लहानपणच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एक चक्कर मारून येऊ म्हणून निघालात, पण उतरलात एक पिढी वर. या घरातली मुलं अजून झोपली आहेत. त्यांची आई तुम्ही आहात.

वय पस्तीस. बँकेत लेजर लिहिता. थोरली दहाची, धाकटा सातचा. घरात सासूबाई. नवऱ्याला पिंपरीच्या कारखान्यात पाळी, या आठवड्यात दुसरी. आज महाराष्ट्र दिन, म्हणून बँक बंद. आज शाळेचा निकालही आहे. तो लागला की जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ही दोघं घरीच.

आठवणींचा उमाळा येऊ देऊ नका, वेळ नाही. खाली चौकातल्या नळाला पाणी आलं आहे आणि ते साडेसहाला जाईल. हंडा, कळशी, बादली या क्रमाने भरा. पिंप शेवटी. मग दुधाच्या रिकाम्या बाटल्या घेऊन केंद्रावरची रांग. गॅस संपायला आला आहे. नंबर लावलाय, पण सिलिंडर कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही. तोवर वातीचा स्टो आणि रॉकेल. आठ वाजेपर्यंत तुम्ही एवढं करून मोकळ्या होता, तेव्हा धाकटा उठून विचारतो, "आई, आजपासून सुट्टी ना?"

दुपारी भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरतं. मे महिन्याच्या चौकटींमध्ये एरवी दुधाचा हिशेब असतो, आता त्यातच मुलांचा उन्हाळा मांडायचा. थोरली सकाळी टिळक तलावावर पोहायला. धाकटा टिळक रोडला महाराष्ट्रीय मंडळात मल्लखांबाला. तिथून दोघंही नऊ ते अकरा छंदवर्गाला. शेजारच्या गल्लीतल्या शाळेत निवृत्त झालेल्या बाई तो घेतात. सायक्लोस्टाइल केलेल्या फॉर्मवर लिहिलंय, 'मुलांच्या सुप्त गुणांना वाव'. तुम्ही तो फॉर्म वाचून हसता. गुणांना वाव मिळेल तेव्हा मिळेल. सव्वानऊ ते सव्वादहा या तासात तुम्हाला भाजी चिरून, डबा भरून, साडी नेसून बँक गाठायची असते आणि त्या वेळात मुलं कोणाच्या तरी नजरेखाली हवीत. शिबिरांचं हे मूळ कारण कुठल्याच पत्रकात छापत नाहीत.

पोहण्याचं कारण मात्र वेगळं आहे.

१२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, त्याच्या लोंढ्याने खडकवासला गेलं. तेव्हा तुम्ही बारा वर्षांच्या होतात. माहेर नारायण पेठेत. लकडी पूल पाण्याखाली गेल्याचं लोक ओरडत आले, तेव्हा वडिलांनी तुम्हाला आणि भावाला बखोटीला धरून उंचावर नेलं. परत आलात तेव्हा घराच्या जागी चिखल होता. पुढचं बालपण गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत गेलं. पोहायला तुम्ही कधी शिकलाच नाहीत, कोणी शिकवलंही नाही. मुलगी झाली त्या दिवशी एक गोष्ट मनाशी ठरली होती: हिला पाण्याची भीती वाटता कामा नये.

म्हणून २ मेला सकाळी साडेसहाला, रजेच्या अर्जावर 'घरगुती काम' असं लिहून, तुम्ही तलावाच्या पायरीवर बसता. पाठीला डबा बांधलेली थोरली काठ सोडत नाही. शिकवणाऱ्या बाई कमरेवर हात ठेवून उभ्या. तीन वेळा गोड बोलून झाल्यावर त्या तिला सरळ पाण्यात ढकलतात. तुम्ही उठून उभ्या राहता. थोरली वर येते, खोकते, नाकातलं पाणी काढते आणि चक्क हसते. बाई तुमच्याकडे वळून म्हणतात, "बसा हो. पोरीला काही होत नाही. तुम्हीच पांढऱ्या पडलात."

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही बँकेत असता. मुलांच्या दुपारी तुम्हाला दिसत नाहीत, संध्याकाळी घरी आल्यावर पुराव्यांवरून जुळवाव्या लागतात. फडताळातल्या बरणीतली कैरी अर्धी झाली आहे आणि तिखटमिठाचा डबा उघडा आहे. धाकट्याचे गुडघे सोललेले, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून तासाने मिळणारी सायकल आज पुन्हा आली होती आणि दांडीखालून पाय घालून चालवायचा प्रयोग फसला होता. सासूबाईंची काठी जिन्यात सापडते, कारण ती बॅट झाली होती. गेल्या जूनमध्ये कपिलने लॉर्ड्सवर कप उचलल्यापासून चौकातल्या प्रत्येक काठीची बॅट होते.

एका संध्याकाळी पिंप रिकामं. एवढं पाणी कुठे गेलं, म्हणून तुमचा आवाज चढतो, तेव्हा चौकशीअंती कळतं की पिंप हे सोयुझ यान होतं. राकेश शर्मा अवकाशात जाऊन आले त्याला जेमतेम महिना झाला आहे. यान रिकामं केल्याशिवाय त्यात अंतराळवीर बसणार कसा? धाकटा आत, वरून परात झाकलेली, बाहेर वाड्यातली पाच पोरं मोठ्याने उलटे आकडे मोजत होती. "आणि आजी काय करत होत्या?" तुम्ही विचारता. सासूबाई वाती वळता वळता म्हणतात, "मी इंदिरा गांधी होते. मला त्याच्याशी फोनवर बोलायचं होतं."

या मोकळेपणावर आपण मागाहून किती लेख लिहिले! मुलं दिवसभर बाहेर, कोणी विचारत नसे, वगैरे. जरा थांबून बघा. समोरच्या खिडकीत निवडणं घेऊन बसलेल्या काकू विचारत नसतील, पण त्यांची नजर चौकातून हलत नाही. कोपऱ्यावरचा वाणी, शिलाई मशीनवरचा शिंपी, नळावरच्या बायका यांतल्या प्रत्येकाला हे मूल कोणाचं ते ठाऊक आहे आणि प्रत्येकाजवळ "तुझ्या आईला सांगेन" हे हत्यार आहे. पोरांना मोकळं वाटतं, कारण पहारा त्यांना दिसत नाही. पहारेकऱ्यांना पगार नाही, आणि त्यात बहुतेक बायका आहेत.

दुसऱ्या रविवारी कुरडया. गहू गुरुवारी भिजत घातले, रोज पाणी बदललं, शनिवारी वाटून चीक काढला आणि रात्रभर निवळायला ठेवला. रविवारी पहाटे चारला वरचं पाणी ओतून मोठ्या पातेल्यात तो शिजवायला घेता. हाताला रग लागेपर्यंत ढवळायचं, थांबलात की गुठळी. वाड्यातल्या दोघीजणी सोऱ्या घेऊन हजर. उन्हं यायच्या आत गच्चीवरच्या प्लॅस्टिकवर पांढरी वेटोळी पडायला लागतात. मुलांना याच्यातलं एकच कळतं: वाटीभर गरम चीक, त्यावर तूप आणि साखर. ती खाऊन झाली की दोघांच्या हातात काठ्या द्यायच्या आणि कावळ्यांवर पहारा बसवायचा. तासाभरात पहारेकरी पांघरलेल्या चादरीखाली 'किशोर' वाचत पडलेले असतात आणि कावळे निवांत असतात. अर्ध्या वाळलेल्या कुरडया कावळ्यांपेक्षा पहारेकऱ्यांनीच जास्त खाल्ल्याचं दुपारी उघड होतं.

मधल्या संध्याकाळी पेशवे पार्क. फुलराणीच्या रांगेत उभं राहायचं. १९५६पासून ही छोटी आगगाडी त्याच वळणावरून फिरते आणि मुलं दर वेळी नव्याने ओरडतात. धाकटा हत्तीसमोरून हलत नाही. पुढे १९९९मध्ये इथले प्राणी कात्रजला जातील, हे तुम्हाला माहीत आहे, त्याला नाही. आज त्याला तुम्हाला एवढंच सांगायचं आहे की मल्लखांबाला एरंडेल लावतात आणि ही विद्या बाळंभटदादा देवधरांनी दुसऱ्या बाजीरावाच्या काळात रूढ केली. "म्हणजे पेशवे पण एरंडेल प्यायचे?" थोरली विचारते. या प्रश्नावर घरी पोचेपर्यंत भांडण टिकतं.

मग तो शुक्रवार, १८ मे. भाऊ ठाण्याला असतो. तो, वहिनी आणि त्यांची दोन मुलं रविवारी यायची आहेत. गाद्या उन्हात घालून झाल्यात, आइस्क्रीमचं पॉट भाड्याने सांगून ठेवलंय, थोरलीने मामेबहिणीसाठी छंदवर्गात कागदाचा मोर केलाय. सकाळच्या पेपरात भिवंडीची बातमी आहे. आदल्या दिवशी तिथे दंगल उसळली. पुढच्या दिवसांत ती ठाणे आणि मुंबईपर्यंत पोचते. घरात फोन नाही. बँकेतून ट्रंककॉल लावून बघता, लागत नाही. शनिवारी मुलं विचारतात, मामाची गाडी किती वाजता? तुम्ही पेपराची घडी करून गादीखाली सरकवता आणि सांगता, "मामाला रजा मिळाली नाही."

दोन दिवसांनी तार येते: सगळे सुखरूप, येणे लांबणीवर. तुम्ही ती मोरीत जाऊन पुन्हा वाचता. मुलांच्या आठवणीतल्या या उन्हाळ्यात भिवंडी नसेल. मामा आला नाही आणि पॉटमधलं सगळं आइस्क्रीम आपल्यालाच मिळालं, एवढंच असेल. ते तसं राहावं, याची व्यवस्था तुम्ही केलेली आहे.

रुसलेल्या पोरांची समजूत काढायला सिंहगड ठरतो. पुढच्या रविवारी पहाटे स्वारगेटहून पीएमटी, खडकवासल्याच्या पाण्याकडेने पायथ्यापर्यंत. नवरा या वेळी बरोबर आहे. तो धाकट्याला खांद्यावर घ्यायला तयार असतो, धाकट्याला ते अपमानास्पद वाटतं. अर्ध्या वाटेवर ताक. पुणे दरवाज्यात सावली. वर देवटाक्याचं गार पाणी, मग पिठलं, भाकरी, ठेचा आणि मडक्यातलं दही. कड्यापाशी धाकटा तानाजी होऊन खाली वाकतो आणि तुम्ही त्याची कॉलर धरून ठेवता. थोरली दूर बोट दाखवते. "आई, ते पाणी कसलं?"

"खडकवासल्याचं."

"त्याच्या पलीकडे पानशेत ना? आजीने सांगितलं मला. तू बुडणार होतीस."

"बुडणार नव्हते. बाबांनी नेलं आम्हाला उचलून."

ती थोडा वेळ विचार करते. "पण तुला पोहता तर येत नाही अजून."

उत्तर द्यायचं राहून जातं, कारण धाकटा दह्याचं मडकं घरी न्यायचा हट्ट धरून बसला आहे.

त्याच आठवड्यात पेपरात बचेंद्री पालचं नाव आलेलं आहे. २३ मेला ती एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली. असं करणारी पहिली भारतीय स्त्री. थोरलीने फोटो कापून कपाटाच्या दारावर डकवला आहे. मेच्या शेवटच्या दिवशी तुम्ही खर्चाची वही उघडता. पोहण्याची फी, मंडळाची फी, छंदवर्ग, सायकलभाडं, पॉट, बसची तिकिटं. खाली रेघ मारायच्या आधी पेन अडतं. मग एक ओळ वाढते: 'तलाव, महिलांची बॅच, स्वतः'. दिवाळीच्या साडीसाठी बाजूला टाकलेल्या पैशांतून.

सासूबाईंना सांगायचं धैर्य रात्री जेवणं झाल्यावर होतं. तुम्ही बोलणी ऐकायच्या तयारीने बसता. त्या सुपारी कातरत राहतात.

"आता या वयात?" त्या म्हणतात. मग अडकित्ता थांबतो. "अगं, मी वाईची. लग्न होईपर्यंत कृष्णेत पोहायचे, घाटावरून उडी टाकून. इथे आले आणि सगळं मोरीत आलं. जा तू. भात मी लावते."

पहिल्या दिवशी तुमच्या पाठीला डबा बांधताना त्याच बाई आहेत. थोरली काठावर उभी राहून सूचना देते: श्वास धर, पाय मार, डोळे उघडे ठेव. तुम्ही काठ घट्ट धरलेला आहे. तुम्हाला ढकलायचा मान बाई तिलाच देतात.

आता परत निघायला हवं. सात जुलैला दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू होईल आणि वाड्यातल्या एकुलत्या टीव्हीसमोर सगळा चौक जमेल. पुढे वाडा पडून इमारत उभी राहील. थोरलीची मुलं वातानुकूलित हॉलमध्ये रोबो जोडायला शिकतील, त्यांना सोडायला-आणायला गाडी लागेल आणि या धावपळीत ती एकदा हमखास म्हणेल, "आमच्या वेळी आईवडील इतकं करत नव्हते हं. सोडून द्यायचे आणि आम्ही आपोआप वाढायचो."

तिच्याशी वाद घालू नका. फक्त विचारा, गव्हाचं पाणी रोज कोण बदलायचं? गादीखाली पेपर कोणी सरकवला होता? आणि ते पिंप दुसऱ्या दिवशी पुन्हा कोणी भरलं?