जुगारनगरीतील विकत घेतलेला आठवडा : लास व्हेगासमधील टाइमशेअरचा इतिहास

प्रस्तावना

प्रवासात खोली भाड्याने घेणे ही पर्यटनाच्या इतिहासातील रूढ पद्धती होय. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिच्या जोडीला खोलीतील ‘काळ’ विकत घेण्याची पद्धती आली. वर्षाच्या ५२ आठवड्यांपैकी एका आठवड्याच्या वास्तव्याचा हक्क विकत घ्यायचा आणि दरवर्षी देखभालशुल्क भरत राहायचे, हे टाइमशेअरचे स्थूल स्वरूप. युरोपात १९६० च्या दशकात उदयास आलेली ही कल्पना लास व्हेगास या अमेरिकेतील जुगारनगरीत कशी रुजली आणि तिने ग्राहकाच्या पदरात नेमके काय टाकले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्वपीठिका

१९ मार्च १९३१ रोजी नेव्हाडा राज्याचे गव्हर्नर फ्रेड बाल्झार यांनी दोन कायद्यांवर स्वाक्षरी केली. एका कायद्याने जुगार वैध ठरविला. दुसऱ्याने घटस्फोटासाठी आवश्यक असलेली राज्यातील वास्तव्याची मुदत तीन महिन्यांवरून सहा आठवड्यांवर आणली. महामंदीच्या काळात या वाळवंटी राज्याने परक्या माणसाचे वास्तव्य हेच उत्पन्नाचे साधन केले, असे म्हणावे लागते.

खोली आणि सूट

कॅसिनोच्या हॉटेलात खोलीला दीर्घकाळ दुय्यम स्थान होते. खोली व जेवण स्वस्त ठेवावे आणि पाहुण्याने आपला वेळ जुगाराच्या दालनात घालवावा, असा मालकांचा हिशेब असे. अमेरिकी रूलेटच्या चाकावर ३८ घरे असतात. एका आकड्यावर जिंकणाऱ्यास मात्र पणाच्या ३५ पटच मिळतात. त्यामुळे लावलेल्या रकमेपैकी सरासरी सुमारे ५.२६ टक्के कॅसिनोकडे राहतात. याउलट टाइमशेअरच्या सूटमध्ये स्वयंपाकघर व बैठकीची खोली असते. म्हणजे पाहुण्याला खोलीतच रमविण्याची सोय. ही विसंगती वरवरची आहे. खेळणारा पाहुणा पुन्हा येईलच असे नाही. आठवड्याचा मालक मात्र आला नाही तरी त्याचे शुल्क येते.

या बदलाचे बोलके उदाहरण म्हणजे कर्क कर्कोरियन यांनी १९६९ मध्ये उघडलेले ‘इंटरनॅशनल’ हॉटेल. सुमारे १५०० खोल्यांचे हे हॉटेल पुढे ‘लास व्हेगास हिल्टन’ झाले. एल्व्हिस प्रेस्ली यांच्या कार्यक्रमांनी गाजलेली ही वास्तू २०१४ मध्ये ‘वेस्टगेट’ या टाइमशेअर कंपनीने विकत घेतली. कॅसिनो तसाच राहिला. वरच्या काही खोल्यांतील वास्तव्य मात्र टाइमशेअर म्हणून विकले जाऊ लागले.

२००८ चा धडा

टाइमशेअरचे अनेक ग्राहक विक्रेत्याकडूनच कर्ज घेतात आणि विक्रेता त्या येण्यांच्या आधारे स्वतः भांडवल उभारतो. २००८ च्या वित्तीय संकटात ही साखळी तुटली. वेस्टगेटनेच २००९ मध्ये ‘प्लॅनेट हॉलीवूड’ कॅसिनोलगत उघडलेला उत्तुंग मनोरा २०११ मध्ये कंपनीच्या हातून गेला व पुढे ‘एलारा’ या नावाने हिल्टनच्या टाइमशेअर शाखेकडे आला. निश्चितता विकणारा विक्रेता स्वतः किती अनिश्चिततेवर उभा होता, हे यातून दिसून येते.

समारोप

नेव्हाडाने १९८३ मध्ये टाइमशेअरसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यानुसार ग्राहकास पाच दिवसांत करार रद्द करता येतो. मुदत उलटल्यावर मात्र वार्षिक शुल्काचे बंधन उरते. ते शुल्क वाढू शकते, आणि पुनर्विक्रीत मूळ किमतीचा अल्पांशही हाती येणे अनेकदा कठीण जाते. रूलेटवर हरलेला माणूस निदान टेबलावरून उठू शकतो. आपण जुगार खेळत नाही, या समजुतीने वरच्या मजल्यावर आठवडा घेणाऱ्यास ती मुभा सहज मिळत नाही. म्हणूनच टाइमशेअरचा इतिहास हा केवळ पर्यटनाचा नव्हे, तर ‘मालकी’ या शब्दाचा अर्थ पालटत गेल्याचाही इतिहास ठरतो.