सेप्टिक टँकमधील मृत्यू : तीन महिन्यांची मुदत आणि ३० लाखांची भरपाई

मार्च २०२२ मध्ये पुण्याजवळ लोणी काळभोरच्या कदमवाकवस्तीत सेप्टिक टँक साफ करताना चार जणांचा जीव गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वाघोलीच्या एका गृहसंकुलात तीन कामगार असेच दगावले. अशा घटनेनंतर सोसायटी ठेकेदाराकडे बोट दाखवते आणि ठेकेदार म्हणतो, "मी उतरायला सांगितलंच नव्हतं." मग कुटुंबाच्या हातावर थोडी रक्कम ठेवून कागदावर सही घेतली जाते. ती सही करण्यापूर्वी कायदा काय सांगतो हे माहीत असावे, म्हणून आम्ही ही माहिती एकत्र देत आहोत.

कायदा काय म्हणतो?

हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा ६ डिसेंबर २०१३ रोजी, म्हणजे महापरिनिर्वाणदिनी, अमलात आला. कलम ७ नुसार कोणतीही व्यक्ती, संस्था वा महापालिका गटार किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी कोणालाही थेट किंवा ठेकेदारामार्फत कामावर लावू शकत नाही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. कामगार स्वखुशीने उतरला, या सबबीने मालकाची जबाबदारी टळत नाही.

भरपाई किती आणि कोणाकडून?

२७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी १० लाख रुपये ठरवले. २० ऑक्टोबर २०२३ रोजी डॉ. बलराम सिंह प्रकरणात ही रक्कम ३० लाख झाली. अपंगत्व आल्यास किमान १० लाख आणि कायमच्या अपंगत्वामुळे कमाईच थांबली तर किमान २० लाख. जुन्या प्रकरणात भरपाई मिळालीच नसेल, तर त्या वारसांनाही वाढीव रक्कम लागू आहे.

काम खाजगी असले तर? डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीच्या एका सोसायटीत तीन कामगार मरण पावले. त्यांच्या पत्नी उच्च न्यायालयात गेल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने शासनाला प्रत्येकी १० लाख देण्याचा आदेश दिला. ती रक्कम दोषींकडून वसूल करण्याची मुभा शासनाला ठेवली. म्हणजे सोसायटी आणि ठेकेदाराचा वाद मिटेपर्यंत विधवेने थांबण्याचे कारण नाही.

पुणे यादीत नाही, मग?

२९ जानेवारी २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू आणि हैदराबाद या सहा महानगरांची नावे घेतली. त्यात पुणे नाही. पण २०१३ चा कायदा पुण्यालाही तितकाच लागू आहे. "आपल्याकडे बंदी नाही" असे कोणी सांगितले तर ते चूक आहे.

घटना घडल्यास काय करावे?

१. पोलीस अनेकदा फक्त निष्काळजीपणाने मृत्यू, म्हणजे भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लावतात. २०१३ च्या कायद्याची कलमे ७ व ९ लावण्याची लेखी मागणी करा आणि अर्जाची पोच घ्या.

२. या कायद्याखाली तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत व्हावी लागते. दिवसकार्य आणि धावपळीत ही मुदत निघून जाते.

३. मृत व्यक्ती अनुसूचित जातीची असल्यास अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम ३(१)(जे) लागू होते का, हे वकिलाकडून तपासून घ्या. १९९० च्या दुरुस्तीमुळे बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिल्याने तो जात नाही.

४. भरपाईसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करा. जिल्हा दक्षता समितीचे अध्यक्षही तेच असतात.

५. वकील परवडत नसेल तर शिवाजीनगर न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, कामगार आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

आपल्यापैकी अनेक जण आज सोसायट्यांत सभासद आहेत, काही कमिटीवरही आहेत. टँक उपसायचा ठराव आला की यंत्राची गाडी येणार की माणूस उतरणार, हे सभेत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. भरपाईची वेळच येऊ नये, यासाठी एवढे आपल्या हातात आहे.