मॅटरहॉर्नच्या चार धारा

स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवरील मॅटरहॉर्न हे शिखर ४,४७८ मीटर उंच आहे. उत्तरेला झरमॅट, दक्षिणेला ब्रॉय ही गावे. इटालियन लोक त्याला चेर्विनो म्हणतात. चार कड्यांमधून चार धारा माथ्याकडे चढतात आणि शिखराचा इतिहास या धारांनीच घडवला.

इटलीच्या बाजूची लायन धार सोपी, असा समज वर्षानुवर्षे होता, म्हणून बहुतेक प्रयत्न तिथूनच झाले. पूर्वेचा कडा झरमॅटहून उभा भासतो, म्हणून त्या बाजूच्या हर्नली धारेकडे फारसे कोणी वळले नाही. गिर्यारोहक एडवर्ड व्हिंपरने तीच निवडली आणि १४ जुलै १८६५ रोजी त्याच्यासह सात जण माथ्यावर पोहोचले. उतरताना त्यांच्यातल्या अननुभवी हॅडोचा पाय घसरला. तो वाटाड्या क्रोझवर आदळला; पाठोपाठ हडसन आणि लॉर्ड डग्लसही ओढले गेले. डग्लस आणि वाटाड्या थोरला टाउगवाल्डर यांच्यामधला दोर तुटला, चौघे खाली कोसळले. तो दोर मुद्दाम कापल्याचा आरोप टाउगवाल्डरवर झाला. तो निराधार होता. वापरलेला दोरच कमकुवत होता. त्याचा तुकडा आजही झरमॅटच्या संग्रहालयात आहे. डग्लसचा मृतदेह मात्र कधीच सापडला नाही.

तीनच दिवसांनी ज्याँ-आंत्वान कारेल लायन धारेने वर पोहोचला. इतकी वर्षे या शिखराशी झुंजलेल्या या वाटाड्याचे श्रेय मोठेच मानावे लागेल. झमुट धार गिर्यारोहक ममरीने १८७९ मध्ये सर केली, तर सर्वांत अवघड फुर्गेन धार १९११ पर्यंत टिकली.