सातवी फळी

नानाखेड्याच्या बसस्थानकावर उतरलात की आधी मॉलच्या काचा दिसतील. त्या गार हवेत शिरू नका. रिक्षा करा आणि थेट जुन्या उज्जैनला, गोपाळ मंदिरापाशी उतरा. हे देऊळ बायजाबाई शिंद्यांनी बांधवलेलं. लागूनच पटनी बाजार. गजबज अजून आहे, पण मधूनच एखाद्या दुकानाला गंजकं कुलूप. अशाच एका बंद दुकानाच्या ओट्यावर टेका. पाठीशी लाकडी फळ्या, प्रत्येकीवर गेरूने घातलेला आकडा. सातव्या फळीवर हात ठेवा. मिटा डोळे.

अहो, सरका! गडी फळ्या काढतोय. एक, दोन, तीन... क्रम चुकला तर रात्री त्या खाचेत बसायच्या नाहीत. सातवी निघाली आणि आतून कोऱ्या कापडाच्या खळीचा वास अंगावर आला. चपला काढा, गादीवर या. "आओ सा, बिराजो," शेटजी मालवीत म्हणतात. समोर तांब्यापितळेची ठणठण, टांग्याच्या घोड्याची फुरफुर, कढईतल्या कचोरीचा वास आणि पावसाळी उकाडा. दूरवर विनोद मिलचा भोंगा वाजतो.

शेजारी एक मराठी आजी बसल्यात. त्यांच्यापुढे महेश्वरी उलगडते, मग दुसरी, मग नववी. आजी पदर चिमटीत धरून चुरगाळतात, उजेडात नेतात, उलटा करून बघतात. काठ दोन्ही बाजूंनी तसाच देखणा! बोटं लावून बघा, सुती-रेशमी पोत कसा सुळकन निसटतो. भाव ठरतो, पैसे मात्र दिवाळीला. शेटजी वहीत एक ओळ लिहितात, बस्स.

आज श्रावणी सोमवार. उत्तरेचा श्रावण आणि आपला श्रावण पंधरा दिवसांनी मागेपुढे. महाकालाची सवारी इथे दोन्ही श्रावण पाळते. संध्याकाळ होताच शेटजी ठाणांवर चादर टाकतात आणि ओटा बायकापोरांसाठी मोकळा करतात. झांजांचा कल्लोळ जवळ येतो. कुणाचं तरी घामेजलेलं बाळ तुमच्या मांडीवर येतं, कुणाचं कोपर बरगडीत. "जय महाकाल!" पालखी समोरून जाते, फुलं, बेलपानं डोक्यावर पडतात. या क्षणी दुकानात कुणी गिऱ्हाईक नाही. सगळे घरचेच.

उघडा डोळे. फळी बंद आहे, तळव्याला गेरू लागलाय.

दुकान मिटतं तेव्हा फक्त विक्री थांबत नाही. चपला काढून बसायची एक जागा जाते, नावानिशी ओळखणारं एक माणूस जातं. ओळखीवर चालणारी ती उधारीही जाते. म्हणून लगेच परतू नका. शेजारचं दुकान उघडं आहे. गादीवर बसा, ठाण उलगडू द्या, पोत बोटांनी बघा. चार मीटर का होईना, कापड घ्या. त्याही दुकानाच्या फळ्या उद्या सकाळी निघायला हव्यात.