आश्रयव्रती सिस्टर रोझली

फ्रेंच राज्यक्रांतीने जगाला स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही त्रयी दिली, हे आपण शालेय पाठ्यपुस्तकांत वाचलेले असते. त्याच क्रांतीने फ्रान्समधील ख्रिस्तसभेवर किती कठोर प्रहार केले, याचा उल्लेख मात्र तेथे क्वचितच आढळतो. फेब्रुवारी १७९० मध्ये संन्यस्त व्रतांची कायदेशीर मान्यता काढून घेण्यात आली. त्याच वर्षी जुलैमध्ये धर्मगुरूंना शासनाचे पगारी सेवक बनविणारा कायदा संमत झाला आणि पुढे त्या व्यवस्थेशी निष्ठेची शपथ घेणे त्यांच्यावर बंधनकारक झाले. शपथ नाकारणारे धर्मगुरू अपराधी ठरले. कालांतराने त्यांना घरात थारा देणाऱ्यांच्या डोक्यावरही मृत्युदंडाची तलवार लटकू लागली. ऑगस्ट १७९२ मध्ये रुग्णसेवा करणारे धर्मभगिनींचे संघसुद्धा बरखास्त झाले. संत व्हिन्सेंट डी पॉल आणि संत लुईझ द मारियाक यांनी १६३३ मध्ये स्थापन केलेला ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ हा संघ त्यातून सुटला नाही. २६ जून १७९४ रोजी या संघाच्या आरास येथील चार भगिनींना कांब्रे शहरात गिलोटिनखाली प्राण द्यावे लागले.

या वादळात जुरा पर्वतराजीतील काँफोर नावाच्या खेड्यात एक मुलगी वाढत होती. तिचे नाव जान-मारी रांदू. जन्म ९ सप्टेंबर १७८६ चा. घरची थोडीफार शेतीवाडी होती. चार बहिणींत ती थोरली. रांदू कुटुंबाने आपले दार लपूनछपून वावरणाऱ्या धर्मगुरूंसाठी उघडे ठेवले होते. एके दिवशी ‘पिएर’ नावाचा एक गडी घरात कामाला आला. इतर गड्यांपेक्षा त्याला अधिक मानाने वागविले जाते, हे त्या चाणाक्ष मुलीच्या लक्षात आले. एका रात्री तिने त्याला मिस्सा अर्पण करताना पाहिले. आपल्यापासून सत्य लपविले गेले याचा तिला राग आला. पुढे आईशी काही वाद झाला तेव्हा, पिएर हा पिएर नाही हे मी सांगून टाकीन, अशी धमकीच तिने दिली. आईला तिला विश्वासात घेणे भाग पडले. तो गडी म्हणजे अ‍ॅनेसीचे बिशप होते!

एका बालिकेच्या तोंडून निसटलेल्या एका शब्दावर साऱ्या घराचे प्राण अवलंबून होते. जान-मारीने ते गुपित जपले. तिचा प्रथम ख्रिस्तप्रसादविधीही रात्रीच्या वेळी, घराच्या तळघरात, मेणबत्तीच्या उजेडात पार पडला. मे १७९६ मध्ये वडील वारले. दोन महिन्यांनी चार महिन्यांची धाकटी बहीणही गेली. आईच्या खांद्याला खांदा लावून संसार सावरण्याची जबाबदारी नवव्या वर्षी तिच्यावर आली.

पुढे जेक्स येथे शिकत असताना तेथील रुग्णालयात डॉटर्स ऑफ चॅरिटीच्या भगिनींची सेवा तिने जवळून पाहिली आणि तिच्या पाचारणाला दिशा मिळाली. डिसेंबर १८०० मध्ये शासनाने या संघाला पुन्हा कार्य करण्याची मुभा दिली होती. रुग्णांची सेवा करणाऱ्या या हातांवाचून आपले चालत नाही, हे राज्यकर्त्यांना उमगले होते. २५ मे १८०२ रोजी, वयाची सोळा वर्षे पूर्ण होण्याआधीच, जान-मारी पॅरिस येथील मातृगृहात दाखल झाली. तेथील कोंडलेल्या जीवनाने तिची प्रकृती ढासळली, म्हणून तिला मुफतार भागातील भगिनींकडे धाडण्यात आले. तीच तिची कायमची कर्मभूमी झाली. ‘सिस्टर रोझली’ या नावाने त्यांनी तेथे चौपन्न वर्षे सेवा केली.

मुफतार म्हणजे पॅरिसमधील दारिद्र्याचे आगर. अरुंद गल्ल्या, ओलसर खोल्या आणि चामडे कमावणाऱ्यांच्या वस्तीमुळे दूषित झालेली बिएव्र नदी, असे त्या परिसराचे रूप होते. १८१५ मध्ये सिस्टर रोझली तेथील मठाच्या मदर झाल्या. त्यांनी दवाखाना, औषधालय, शाळा, अनाथालय, पाळणाघर आणि निराधार वृद्धांसाठी निवारा उभारला. १८३३ मध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या विद्यार्थी मित्रांनी गरिबांच्या सेवेसाठी मंडळ स्थापन केले, तेव्हा गरिबाच्या घरात कसे शिरावे आणि त्याचा मान कसा राखावा, याचे धडे त्यांनी याच भगिनीकडून घेतले. आज आपल्या अनेक धर्मग्रामांत कार्य करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे मूळ तेथे आहे.

मात्र त्यांची खरी कसोटी वेगळीच होती. जुलै १८३० च्या क्रांतीने राजा दहावा चार्ल्स याला पदच्युत केले. राजसत्तेच्या वळचणीला गेलेल्या धर्मसत्तेवरही लोकांचा रोष कोसळला. पॅरिसमध्ये क्रूस उखडले गेले. झगा घालून रस्त्यावर फिरणे धर्मगुरूंना धोक्याचे झाले. फेब्रुवारी १८३१ मध्ये जमावाने आर्चबिशपांचा वाडा उद्ध्वस्त केला. पुढे उठाव फसले आणि बंडखोरांची धरपकड सुरू झाली. आता जिवाच्या भीतीने पळणारा माणूस बिशप नव्हता. कदाचित कालपर्यंत क्रूस उखडणाऱ्यांतलाच तो एक असेल. सिस्टर रोझलींनी त्यालाही दार उघडले, पळून जाण्यास साहाय्य केले.

पोलीसप्रमुख जिस्के यांनी त्यांच्या अटकेचा हुकूम काढला. या बाईंना हात लावला तर सारी वस्ती पेटून उठेल, असे हाताखालच्या अधिकाऱ्याने बजावल्यावर जिस्के स्वतः त्यांच्या भेटीस गेले. आपण पक्ष पाहत नाही, दुःखी माणूस पाहतो, आणि उद्या आपणांवर पाठलागाची वेळ आली तर आपणांसही असेच साहाय्य करू, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिल्याचे चरित्रकार सांगतात. जिस्के रिकाम्या हाताने परतले.

जून १८४८ मध्ये पुन्हा रक्ताचे पाट वाहिले. शांततेचे आवाहन करण्यास मोर्चेबंदीपाशी गेलेले आर्चबिशप आफ्र गोळी लागून मृत्युमुखी पडले. याच दंगलीत शासकीय दलाचा एक अधिकारी भगिनींच्या घरात शिरला. त्याचा पाठलाग करणारे बंडखोर अंगणातच त्याला गोळी घालण्यास सिद्ध झाले. वृद्ध सिस्टर रोझली त्यांच्यापुढे गुडघे टेकून, आजवर तुमची जी सेवा केली तिच्या नावाने याचे प्राण मागते, असे विनवू लागल्या. बंदुका खाली झाल्या.

ज्या घराने छळ सोसला त्या घरातील मूल मनात सूड घेऊन वाढले असते, तर इतिहासाला त्याचे नवल वाटले नसते. काँफोरच्या त्या घराने मात्र वेगळा वारसा दिला. पाठलाग होणारा मनुष्य दाराशी आला की त्याला आत घ्यायचे, एवढेच त्या मुलीने ‘पिएर’च्या निमित्ताने शिकून घेतले. कायद्याच्या दृष्टीने आईवडिलांची कृती अपराध होती, तिचीही होती. आपल्या श्रद्धेच्या माणसाला लपविण्यास धैर्य लागते. त्या श्रद्धेच्या विरोधकाला लपविण्यास त्याहून मोठी श्रद्धा लागते.

१८५२ मध्ये शासनाने त्यांना ‘लीजन ऑफ ऑनर’ हा सन्मान दिला. त्या तो नाकारणार होत्या. केवळ वरिष्ठांच्या आज्ञेखातर त्यांनी त्याचा स्वीकार केला. ७ फेब्रुवारी १८५६ रोजी त्या ख्रिस्तवासी झाल्या. त्यांच्या अंत्ययात्रेत श्रीमंत आणि गरीब एकत्र चालले. ९ नोव्हेंबर २००३ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना ‘धन्य’ घोषित केले. पॅरिसच्या माँपार्नास दफनभूमीतील त्यांच्या साध्या कबरीवरील लेख सांगतो की, हे स्मारक त्यांच्या कृतज्ञ मित्रांनी, श्रीमंतांनी आणि गरिबांनी, उभारले आहे. कोण कोणत्या पक्षाचा होता, याची नोंद तेथे नाही.